औंढ्याचं देऊळ खाली काळं आणि वर पांढरं का? आणि गावच्या जुन्या महादेवाला रंग द्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिंतूर तालुक्यातल्या एका गावात महादेवाचं जुनं दगडी मंदिर आहे. वर्गणी जमली आहे आणि समितीत दोन तट पडले आहेत. एका गटाला हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथासारखं पांढरंशुभ्र शिखर वर बांधायचं आहे, आत फरशी बसवायची आहे आणि काळ्या दगडाला रंग द्यायचा आहे. दुसरा गट म्हणतो, आहे तसं राहू द्या. विचारणारे गुरुजी मधे अडकलेत. त्यांनी जोडीला आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत: औंढ्याचं मंदिर नेमकं कुणी बांधलं, आणि नामदेव महाराजांसाठी ते फिरलं ही गोष्ट कितपत खरी?

गुरुजी, आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे बैठकीत बोलायला बरं. दगडाला रंग देऊ नका, वर काँक्रीटचं शिखर चढवू नका, आणि फरशीचा तर विषयच काढू नका. मी जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलं आहे, बहुतेक काम परभणी, हिंगोली, नांदेड याच पट्ट्यातलं. त्या अनुभवावरून सांगतो, देवळं पावसाने पडतात त्याहून जास्त वर्गणीने बिघडतात. पण नुसतं ‘करू नका’ म्हटलं की लोक ऐकत नाहीत. तुम्ही महाशिवरात्रीला औंढ्याला जाणार आहातच, तर कारणं तिथल्या दगडावरच दाखवतो. तुमच्या समितीने ज्या देवळाचा दाखला दिलाय, तेच देऊळ तुमच्या बाजूने साक्ष देईल.

औंढ्याला गेल्यावर लगेच दर्शनबारीत उभे राहू नका. यात्रेच्या दिवशी तर मुळीच नको, आठवडाभर आधी जा. सकाळचं ऊन तिरपं असताना बाहेरून एक फेरी मारा. दुपारी बारा वाजता काळा पाषाण सपाट दिसतो, सकाळी त्याच दगडातून बोटं, दागिने, वस्त्रांच्या चुण्या बाहेर येतात. नजर खालून वर न्या. आधी देवळाचं जोतं. त्यावर आडव्या थरांच्या पट्ट्या, त्यात हत्तींची रांग, तिला आम्ही गजथर म्हणतो. त्याच्यावर मुख्य भिंत, मंडोवर. ही भिंत सरळ जात नाही. ती सारखी आत-बाहेर मोडत जाते, कोपऱ्यामागून कोपरा. असं देऊळ वरून पाहिलं तर चांदणीसारखं दिसतं, म्हणून त्याला तारकाकृती तलविन्यास म्हणायचं. ही नुसती हौस नाही. भिंतीला जितके कोन तितकी मूर्तींना जागा जास्त, आणि उन्हाच्या सावल्या दिवसभर फिरत्या राहतात. काळ्या बेसॉल्टमध्ये रंगाचा फरक मिळत नाही, तिथे शिल्पी सावलीनेच रंग भरतो. तुमच्या समितीला ऑइलपेंट लावायचा आहे ना, तो लावला की ही सावलीच मरते. चकाकी येते आणि कोरीवकाम चिखलात बुडाल्यासारखं होतं.

भिंतीवर शिव अनेक रूपांत आहे: नटराज आहे, अर्धनारीश्वर आहे, कैलास हलवणारा रावण आहे. विष्णूचे अवतार आहेत, भैरव आहेत, सुरसुंदरी आहेत. रुसलेल्या पार्वतीची समजूत काढणारा शंकर तर औंढ्याची खास ओळख आहे; गावातले लोक पाहुण्यांना हे शिल्प हटकून दाखवतात. खूपशा मूर्तींचे हात आणि नाकं तुटलेली आहेत. त्या तुटलेल्या जागी कुणी सिमेंटचं नाक बसवलं की मला राग येतो. तुटलेलं अंग हाही त्या मूर्तीचा इतिहासच आहे, आणि सिमेंटचं नाक पाच-सात पावसाळ्यांत उरलेला दगड घेऊन पडतं.

आता नजर आणखी वर न्या. एका ठिकाणी काळा दगड संपतो आणि विटा-चुन्याचं पांढरं काम सुरू होतं. तो सांधा नीट पाहा. खालचा भाग यादवकाळातला, साधारण तेराव्या शतकाचा मानला जातो. वरचं शिखर त्याच्या कितीतरी नंतरचं आहे. खाली दगडाची रीत, वर विटा-चुन्याची. खालच्या भिंतीचे कोन वर तितक्या बारकाईने चालू राहत नाहीत. म्हणजे वरचं काम करणाऱ्या गवंड्यांना खालचा नकाशा दिसत होता, पण त्या पद्धतीने दगड घडवणारी माणसं, पैसा किंवा वेळ त्यांच्याकडे उरला नव्हता. मूळ शिखर कसं असावं याचा अंदाज करायचा तर सिन्नरचं गोंदेश्वर किंवा अंबरनाथचं शिवमंदिर पाहावं. उभे पट्टे खालून वर निमुळते होत गेलेले आणि त्यांच्यामधे छोट्या शिखरांच्या रांगा. या प्रकाराला भूमिज शिखर म्हणतात.

औंढ्यात तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल की मूळ देऊळ सात मजली होतं आणि औरंगजेबाच्या काळात ते पाडलं गेलं. सात मजल्यांचं ऐकून लोक हसतात, पण हसू नका. शिखराचे टप्पे शिल्पशास्त्रात ‘भूमी’ म्हणून मोजतात, आणि सात भूमींचं शिखर ही काही जगावेगळी गोष्ट नाही. माणसं राहतील असे सात मजले नसतील, सात टप्प्यांचं शिखर मात्र सहज असू शकतं. वरचा भाग उद्ध्वस्त झाला एवढं तर बांधकामच सांगतं. नंतरच्या जीर्णोद्धाराचं श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकरांना देते, आणि मराठवाड्यात हे सहज पटतं, कारण वेरूळच्या घृष्णेश्वरापासून परळीच्या वैजनाथापर्यंत होळकरांचं नाव सगळीकडे आहे.

म्हणून ‘कुणी बांधलं’ याचं एका नावात उत्तर नाही. कुठला भाग कुणी बांधला, असं विचारावं लागतं. तुमच्या समितीत कुणीतरी नक्की म्हणेल, ‘हेमाडपंताने बांधलं’. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामदेवराव या यादव राजांच्या दरबारातला श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख, आणि ‘चतुर्वर्गचिंतामणी’चा कर्ता. मोठा माणूस, पण तो तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके ९८२ चा आहे, म्हणजे इसवी सन १०६० चा. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधी ही शैली भरात होती. नांदेड जिल्ह्यातल्या होट्टलची देवळं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली, आणि धाराशिव जिल्ह्यात तेरचं त्रिविक्रम मंदिर तर त्याहूनही कितीतरी जुनं, तेही विटांचं. लोकांनी मात्र चुना न वापरता रचलेल्या प्रत्येक काळ्या देवळाला हेमाडपंती म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. नाव वापरा, हरकत नाही. फक्त त्यावरून काळ ठरवू नका.

बांधणीबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या शिखराचा निकाल त्यातच आहे. अशा देवळात दगड एकमेकांत खाच आणि कुसू (खाचेत बसणारं टोक) करून बसवलेले असतात, आणि वजनाने जागेवर राहतात. छतासाठी कमान वापरत नाहीत. चार खांबांवर तुळया, त्यांच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा, म्हणजे चौकोनाचा अष्टकोन झाला. मग प्रत्येक थर खालच्यापेक्षा बोटभर-वीतभर आत सरकवत न्यायचा आणि मधे शेवटी एक कोरलेली शिळा, बहुतेक वेळा उमललेल्या कमळाची. आत सरकलेला प्रत्येक दगड खाली पडायला बघतो. त्याला पडू देत नाही ते त्याच्या मागच्या टोकावर असलेलं वजन. म्हणजे छतावरचे दगड आणि भर, जे खालून दिसत नाही, तेच छत धरून आहे. ‘वरचा कचरा काढून स्लॅब टाकू’ म्हणणाऱ्या ठेकेदाराला हे माहीत नसतं. तो मागचं वजन काढतो आणि पुढचे दगड झुकायला लागतात. किंवा उलट, काँक्रीटचं शिखर चढवतो आणि आठशे वर्षं एक वजन पेलणाऱ्या खांबांवर अचानक दुसरंच वजन येतं. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दगडांचे कोरडे सांधे ती हालचाल थोडीथोडी वाटून घेतात. काँक्रीट ताठ राहतं आणि एका जागी फुटतं, तेही बहुधा जुन्या दगडाला घेऊन.

औंढ्याच्या विटा-चुन्याच्या शिखराने हा घोटाळा केला नाही. वीट दगडापेक्षा हलकी, आणि चुना श्वास घेतो, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर सोडतो. त्यामुळे ‘औंढ्यासारखं करू’ या म्हणण्याला तुमचं उत्तर तयार आहे: औंढ्यासारखं म्हणजे काँक्रीट नव्हे.

आता आत चला. औंढ्याचं गर्भगृह मंडपाच्या पातळीवर नाही, जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्या उतरून, अंग चोरून, पाठ वाकवून खाली जावं लागतं. आत मोजकीच माणसं मावतात. पायाखाली पाणी आणि दुधाने ओलसर झालेला दगड, बेलाच्या पानांचा दमट वास, कोंडलेली उष्णता, आणि वरून पुजाऱ्यांचं ‘चला, चला’. पहिल्यांदा जाणारा माणूस बुजतो. वयस्कर आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर हे आधीच सांगून ठेवा, गुडघ्यांचा त्रास असेल तर वरूनच नमस्कार करायला लावा. गर्भगृह खाली का? अंबरनाथलाही पायऱ्या उतरूनच लिंगापर्यंत जावं लागतं. माझं मत असं की देव स्वयंभू मानला की त्याला हलवता येत नाही. लिंग ज्या पातळीला सापडलं ती पातळी तशीच ठेवायची आणि देऊळ तिच्याभोवती उभं करायचं. पिढ्यानपिढ्या भोवतालची जमीन भरत वर येते, देव खालीच राहतो.

इथल्या पांडवांच्या कथेतही तेच आहे. वनवासात पांडव या अरण्यात आले. त्यांच्या गायी एका तळ्यावर पाणी प्यायला जात आणि आपोआप तिथे दूध सोडत. भीमाला शंका आली, त्याने पाण्यात शोध घेतला आणि लिंग सापडलं, मग धर्मराजाने तिथे देऊळ उभारलं. पाणी, गाय, आणि खाली सापडलेला देव. गर्भगृहात उतरून आल्यावर ही कथा ऐकली की ती कुठून आली असेल हे समजतं. पाण्याशी असलेलं हे नातं आवारातही टिकून आहे. जवळच एक पायविहीर आहे, तिला सासू-सुनेची बारव म्हणतात. बारवांच्या बाबतीत आपला परभणी जिल्हा भाग्यवान आहे, वालूरची चक्राकार बारव आणि चारठाण्याचे अवशेष तुमच्या घरापासून लांब नाहीत, शाळेची सहल तिकडेच न्या.

पुराणातली कथा वेगळी आहे. शिवपुराणात दारुका नावाची राक्षसी आणि तिचा नवरा दारुक यांचं वन आहे. पार्वतीच्या वरामुळे ते वन दारुकेला हवं तिकडे नेता येतं. त्यांनी सुप्रिय नावाच्या शिवभक्त वैश्याला कैदेत टाकलं. तो कैदेतही पूजा सोडेना, इतर कैद्यांनाही त्याने पंचाक्षरी मंत्राला लावलं. शेवटी शिव प्रकट झाले, राक्षसांचा संहार झाला, आणि त्या जागी नागेश ज्योतिर्लिंग राहिलं. द्वादश ज्योतिर्लिंग स्तोत्रात ‘नागेशं दारुकावने’ येतं ते हेच. आता हे दारुकावन कुठलं यावर वाद आहे. गुजरातेत द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडातलं जागेश्वर हेही आपापला हक्क सांगतात. कथेत समुद्र येतो, म्हणून द्वारकेवाले हटून बसतात. आपल्याकडे औंढ्याचं जुनं नाव आमर्दक सांगतात आणि ज्योतिर्लिंगाचा मान इथेच मानतात. मी या वादात पडत नाही. ज्याच्या मनात आठव्या ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला आल्याचा भाव आहे, त्याच्याशी नकाशा घेऊन भांडण्यात काय हशील? पण शाळेत मुलांना सांगताना तिन्ही ठिकाणांची नावं सांगा, एवढं मात्र करा.

नामदेवांची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते, कारण ती आपल्याच मातीतली आहे. तेरला गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कुणाचं मडकं पक्कं, कुणाचं कच्चं ते तपासलं, आणि नामदेवांचं कच्चं निघालं. रुसून बसलेल्या नामदेवांना पांडुरंगाने गुरू करायला सांगितलं आणि ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले. पाहतात तर गुरू लिंगावर पाय ठेवून झोपलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, बाबा, मी म्हातारा झालो, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय उचलून जिथे जिथे ठेवले तिथे तिथे लिंग उमटलं. मडकं भाजलं गेलं ते असं. नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखली जाणारी नर्सी याच हिंगोली जिल्ह्यात आहे. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले कितीतरी शीख भाविक तिथे माथा टेकायला जातात, कारण गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारलेली. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना हटकलं: तुझ्या गर्दीने वाट अडते, मागे जा. नामदेव खिन्न होऊन देवळाच्या मागे गेले आणि तिथे गाऊ लागले. तेव्हा देवळानेच तोंड फिरवलं. नंदी मात्र होता तिथेच राहिला. म्हणून आजही औंढ्याला नंदी देवासमोर नाही, मंदिराच्या मागच्या अंगाला वेगळ्या ठिकाणी आहे.

खरी का? मला अभियंता म्हणून विचारत असाल तर दगडी जोत्यासकट देऊळ फिरत नाही. पण नंदी मागे आहे ही गोष्ट खरी आहे, आणि तिचं काहीतरी कारण असलंच पाहिजे. जीर्णोद्धारात मुख्य वाट बदलणं, पडझडीत नंदीचा मंडप जाऊन मूर्ती दुसरीकडे बसवणं, असं दुसऱ्या देवळांत घडलेलं मी पाहिलं आहे. औंढ्याला नेमकं काय घडलं ते दगडावर लिहिलेलं नाही. देऊळ फिरल्याचा प्रसंग मात्र नामदेवांच्या नावावरच्या ग्रंथसाहिबातल्या पदांतही येतो. तिथे गावाचं नाव नाही, पण जातीवरून उठवून दिल्याचं दुःख स्पष्ट आहे. म्हणजे ही गोष्ट परवा-तेरवा पुजाऱ्यांनी किंवा वाटाड्यांनी रचलेली नाही, तिला शेकडो वर्षं झाली आहेत. कर्नाटकात उडुपीला धनगर संत कनकदासांसाठी कृष्ण फिरला अशीच कथा आहे. दारातून हाकललेल्या भक्ताकडे देव स्वतः तोंड फिरवतो, हे त्या काळच्या शिंपी-धनगरांनी सांगितलेलं सत्य आहे, आणि त्याला नंदीचा पुरावा जोडला गेला. मला विचाराल तर मुलांना दोन्ही सांगा, बांधकामाचंही आणि नामदेवांचंही. एकाने दुसरं खोटं पडत नाही.

सणांचं. महाशिवरात्र, म्हणजे माघ वद्य चतुर्दशी, ही औंढ्याची मोठी यात्रा. बारीत तासन्‌तास उभं राहावं लागतं. घराघरांत भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी आणि कवठाची चटणी. यात्रेचा कळस म्हणजे रथोत्सव. रथ देवळाभोवती पाच प्रदक्षिणा घालतो आणि त्या पाहायला माणसांचा समुद्र लोटतो. इथे एक गंमत लक्षात घ्या. महादेवाची प्रदक्षिणा एरवी पुरी घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या मकरमुखापर्यंत जायचं आणि मागे वळायचं, ही सोमसूत्री प्रदक्षिणा. रथ मात्र पुऱ्या फेऱ्या घेतो. शास्त्र आणि यात्रा यांचं जिथे जमत नाही तिथे आपली माणसं यात्रेच्या बाजूने उभी राहतात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. श्रावणी सोमवारी पुन्हा गर्दी असतेच. नागनाथ नावच असल्याने नागपंचमीलाही. त्या दिवशी आपल्याकडे बायका काही चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, पुरणाची दिंडं उकडून नैवेद्य करतात.

तुलनेला तुळजापूर घ्या. भवानीमातेची मूर्ती चल आहे. नवरात्राआधी तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की पुन्हा पौर्णिमेपर्यंत निद्रा. तिथला सगळा उत्सव देवीच्या हलण्यावर उभा आहे. औंढ्याचा देव जमिनीत रुतलेला, तो हलत नाही, म्हणून भोवतालची माणसं आणि रथ फिरतात. देवळाची दुरुस्ती करणाऱ्याला हे ओळखावं लागतं. ज्या देवळाला फेरी आहे त्याचं मोकळं आवार हा देवळाचाच भाग असतो. तुमच्या गावची पालखी कुठून निघते, कुठे वळते, दीपमाळेला कुठून जाते, हे आधी कागदावर काढा. त्या वाटेत सभागृह, शेड, पाण्याची टाकी, देणगीदारांच्या नावांची भिंत असलं काही येऊ देऊ नका.

आता तुमचं देऊळ. सगळ्यात आधी ते संरक्षित स्मारक आहे का ते बघा. केंद्राचं असेल तर १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती लागू होते: शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या आणखी दोनशे मीटरांत परवानगीने. राज्याचं असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा कायदा. यादीत नसलं तरी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पत्र लिहा. उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या, देऊळ इतकी शतकं थांबलं आहे.

पत्राचं उत्तर येईपर्यंत फुकटातलं काम करा. शाळेतली मोठी मुलं घेऊन देवळाच्या चारी बाजूंचे फोटो काढा, प्रत्येक दगड दिसेल असे. भोवती पडलेले सुटे दगड मोजा, त्यांच्यावर खडूने आकडे घाला आणि कुठे सापडले ते लिहून ठेवा. पाराला टेकवलेल्या वीरगळींवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, खास लक्ष द्या. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि टोकाला चंद्र-सूर्य, अशी वीरगळ ओळखायला सोपी. गावोगाव या शिळा कट्ट्यात सिमेंटने चिणल्या जातात किंवा धुण्याचा दगड होतात. अक्षरं कोरलेली शिळा दिसली तर तिच्यावर चुना, रंग, तेल काही लावू नका. अक्षरांत रंग भरून ती ‘ठळक’ करायचा उत्साह तर मुळीच नको.

फरशीचं कारण सांगतो, म्हणजे समितीला पटेल. गर्भगृहाच्या दारात खाली उंबरठा असतो, त्याच्यापुढे अर्धगोल चंद्रशिला, उंबरठ्यावर बऱ्याचदा कीर्तिमुख. ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइल बसवली की जमीन दोन-तीन इंच वर येते. चंद्रशिला गाडली जाते, कीर्तिमुख अर्धं बुडतं. पण खरी अडचण पाण्याची. जुन्या फरसबंदीचे दगड मंडपातून बाहेर किंचित उतार देऊन बसवलेले असतात, आणि अभिषेकाचं पाणी मकरमुखातून बाहेर जातं. नवी फरशी तो उतार मोडते. पाणी आत साचतं, भिंतीच्या पायात मुरतं, आणि दोन-चार वर्षांत काळ्या दगडावर पांढरा क्षार फुलतो. मग कुणीतरी तो लपवायला ऑइलपेंट आणतं. रंग आतली ओल कोंडतो आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. वर्गणीतून आजार विकत घ्यायचा हा ठरलेला रस्ता आहे.

जुन्या चुन्याचे थर शिल्पावर बसले असतील तर ते काढता येतात, पण तारेच्या ब्रशने, ॲसिडने किंवा वाळूच्या फवाऱ्याने नाही. हे काम रसायन जाणणाऱ्या संवर्धकाचं, आधी हातभर जागेवर नमुना करून मग पुढे जायचं. देवाच्या मूर्तीवर शेंदराचं कवच असेल तर ते खरवडू नका, तो पूजेचा भाग आहे आणि तिथे आमच्यासारख्यांनी हात घालू नये. शिखराच्या फटीत पिंपळ उगवला असेल तर ओढून काढू नका, मुळं दगडासकट येतात. वरचा भाग कापा, मूळ मरेल असा उपचार करा, वाळलं की मगच फट भरा. फट भरायला सिमेंट नको. मुरवलेला चुना, वाळू, विटांची सुरखी म्हणजे भुकटी. जुने गवंडी त्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलाचा गर घालत, आणि हे मिश्रण जाणणारे कारागीर अजून मिळतात, थोडी शोधाशोध करावी लागते.

वर शिखर नसेल तर नसू द्या. छतावर पाणी साचतं का ते पावसाळ्यात एकदा भर पावसात उभं राहून बघा. साचत असेल तर चुन्याच्या कोब्याने उतार द्यायचा, एवढंच छताचं काम. आणि देणगीदारांची नावं लावायचीच असतील तर देवळाच्या भिंतीला एकही खिळा न ठोकता आवाराच्या फाटकाजवळ वेगळा फलक उभा करा. माझ्या अनुभवात समितीतले निम्मे वाद तिथेच मिटतात.